मुंबईची अनेक नावे, की एकच नाव?

इतिहासाच्या किंवा भूगोलाच्या तासाला हा प्रश्न हमखास येतो. "सर, मुंबईचं खरं नाव कोणतं? बॉम्बे आधीचं की मुंबई?" पाठोपाठ वर्गातला एखादा चौकस विद्यार्थी सांगतो की, पोर्तुगीजांनी इथला सुंदर उपसागर पाहिला, त्याला ते आपल्या भाषेत 'चांगला उपसागर' म्हणाले, त्यावरून बॉम्बे झाले आणि मुंबई हे नाव नंतर आले. ही कथा पर्यटनाच्या पुस्तिकांत सापडते, प्रश्नमंजूषांत सापडते, क्वचित पाठ्येतर पुस्तकांतही सापडते. ऐकायला ती गोड आहे. ती खरी आहे का, हे कसे ठरवायचे?

विज्ञानाचे विद्यार्थी गृहीतक मांडतात आणि मग पुराव्याने ते तपासतात. शब्दांच्या इतिहासातही हेच करता येते. तिथे प्रयोगशाळा नसते, पण जुनी कागदपत्रे असतात, व्याकरण असते आणि आपल्या तोंडातले उच्चारांचे यंत्र असते. या तिन्हींच्या मदतीने मुंबईच्या नावाची तपासणी करू या. त्यातून एक नाव युरोपच्या निरनिराळ्या भाषांत कसे पोहोचले आणि प्रत्येक घरी त्याने कोणता पोशाख घातला, हेही दिसेल.

सुरुवात घरापासून

आधी एक सोपे उदाहरण घेऊ. भाट्याच्या किनाऱ्यावर उभे राहिले की काजळी नदीच्या मुखापलीकडे रत्नागिरी शहर दिसते. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी कागदांत या शहराच्या नावाचे जे स्पेलिंग आहे, ते आजच्या विद्यार्थ्याला दाखवले तर तो हसेल. 'आर यू टी एन ए' आणि पुढे 'जी एच ई आर आर वाय'. आजच्या सवयीने वाचले तर ते काहीसे 'रुटनाघेरी' असे होते. लिहिणाऱ्याला मराठी नीट ऐकू येत नव्हते काय?

तसे नव्हते. इंग्रजीत 'कप' किंवा 'बस' या शब्दांतला 'अ' दाखवायला 'यू' हे अक्षर येते. म्हणून 'र'साठी 'आर यू'. इंग्रजीत 'जी' या अक्षरापुढे 'आय' किंवा 'ई' आले की वाचणारा पुष्कळदा 'ज' म्हणतो. 'गिरी'चे 'जिरी' होऊ नये म्हणून मध्ये 'एच' घातला. थोडक्यात, ते स्पेलिंग चुकीचे नव्हते. इंग्रज वाचकाने शक्य तितके 'रत्नागिरी' म्हणावे, यासाठी केलेली ती प्रामाणिक धडपड होती.

१८७० नंतर सरकारी पातळीवर विल्यम विल्सन हंटर यांच्या पद्धतीने भारतीय नावांच्या रोमन लेखनाला शिस्त लावण्यात आली. 'अ'साठी 'ए', 'इ'साठी 'आय', असे ठरले आणि रत्नागिरीला आजचे स्पेलिंग मिळाले. मात्र त्याच वेळी एक अपवादही ठरला. जी नावे इंग्रजीत पूर्वीपासून रुळली होती, त्यांना हात लावायचा नाही. कलकत्ता, बॉम्बे, पूना ही नावे त्या अपवादात गेली. रत्नागिरीचे स्पेलिंग सुधारले आणि मुंबईचे राहिले, याचे एक कारण हे आहे. फार प्रसिद्ध असणे हेही कधी कधी नावाला अडचणीचे ठरते!

कोकणातले एक नाव तर थेट लंडनमध्ये जाऊन बसले आहे. कमोडोर विल्यम जेम्स याने १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग जिंकला. त्याच्या मृत्यूनंतर पत्नीने त्याच्या स्मरणार्थ १७८४ मध्ये लंडनच्या शूटर्स हिल या टेकडीवर एक मनोरा बांधला. त्या मनोऱ्याचे नाव आहे 'सेव्हर्नड्रूग कॅसल'. सेव्हर्न ही इंग्लंडमधली एक परिचित नदी. 'सुवर्ण' हा अनोळखी शब्द ऐकताना इंग्रज कानाने त्याला ओळखीच्या नावाशेजारी नेऊन बसवले. अनोळखी शब्दाला ओळखीचे रूप देण्याची ही मनुष्यस्वभावातली खोड लक्षात ठेवू या. मुंबईच्या कथेत ती पुन्हा भेटणार आहे.

मुंबापुरीचा जुना पत्ता

मराठीत 'मुंबई' हे नाव मुंबादेवीवरून आले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. मुंबा आणि आई मिळून मुंबई. ही कोळ्यांची देवता. तिचे जुने देऊळ आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या परिसरात होते. इंग्रजांच्या किल्ल्याच्या विस्तारात ते हलले आणि अठराव्या शतकात भुलेश्वर भागात आले. 'मुंबा' हा शब्द कुठून आला याविषयी मात्र अभ्यासकांत मतभेद आहेत. कोणी 'महा अंबा' म्हणतात, तर कोणी देऊळ बांधणाऱ्या मुंगा नावाच्या कोळ्याकडे बोट दाखवतात. मूळ गोव्याचे असलेले डॉ. जर्सन द कुन्हा यांनी वैद्यकी करता करता मुंबईच्या इतिहासाचा ध्यास घेतला आणि १९०० साली 'मुंबईचा उगम' या विषयावर इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात अशा मतांची चर्चा आहे.

आपल्यापुढचा प्रश्न त्याहून लहान आहे. 'मुंबा'ची व्युत्पत्ती काहीही असो, युरोपीय लोकांनी लिहिलेली नावे या स्थानिक नावावरून आली, की त्यांनी स्वतंत्रपणे ठेवली?

कागद काय सांगतात?

पोर्तुगीजांना वसई आणि तिच्या आसपासची बेटे मिळाली ती १५३४ मध्ये, गुजरातचा सुलतान बहादूरशहा याच्याशी झालेल्या तहाने. ही तारीख फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवावी. आता त्याच्या अलीकडची आणि पलीकडची नोंद पाहू.

दुआर्ते बार्बोझा या पोर्तुगीज प्रवाशाने १५१६ च्या सुमारास केलेल्या वर्णनात 'ताना-मायांबू' असे नाव येते. 'ताना' म्हणजे ठाणे हे उघड आहे. 'मायांबू'मध्ये मुंबादेवीचे नाव आहे, असे अभ्यासक मानतात. तेव्हा बेट पोर्तुगीजांचे नव्हते. त्यांनी नाव ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांनी ते ऐकले आणि लिहिले. १५२५ च्या एका महसुली नोंदीत 'मोंबाईं' आहे. १५५४ च्या नोंदीत पुन्हा 'म'ने सुरू होणारे रूप आहे. १६४४ च्या सुमाराच्या बोकारो याच्या हस्तलिखितातही 'मोंबाईं'च आहे.

सगळ्यांत बोलका साक्षीदार आहे गार्सिया द ओर्ता. हा वैद्य १५३४ मध्ये भारतात आला. इथल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा संवादरूपी ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. भारतात छापलेल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांपैकी हे एक. पोर्तुगालच्या राजाकडून मुंबईचे बेट ओर्ताला मिळाले होते. तिथल्या उत्तम सुपारीचा उल्लेख करताना त्याने ही गोष्ट सांगितली आहे. म्हणजे बेट त्याच्या परिचयाचे, पोर्तुगीज त्याची मातृभाषा. तो या बेटाचे नाव 'मोंबाईं' असेही लिहितो आणि 'बोंबाईं' असेही लिहितो. दोन्ही एकाच पुस्तकात.

इथे थोडे थांबून विचार करावा. 'बों' म्हणजे 'चांगला' हा पोर्तुगीज भाषेतला रोजच्या वापरातला शब्द. बेटाचे नाव त्या शब्दावरून पडले असते, तर पोर्तुगीज माणसाने त्यातला 'ब' कधी विसरला असता का? 'चांगदेव' हे नाव मराठी माणूस कधी चांगदेव आणि कधी पांगदेव असे लिहील का? ओर्ताच्या दृष्टीने मोंबाईं आणि बोंबाईं ही एका परक्या नावाची दोन श्रवणे होती. नावाला पोर्तुगीज अर्थ नव्हता, म्हणूनच त्याचा पहिला वर्ण डळमळत राहिला.

कागद वाचताना एक सावधगिरी हवी. गास्पार कोरैया याच्या इतिहासग्रंथात १५०८ च्या संदर्भात 'बोंबाईं' हे रूप येते, म्हणून तेच सर्वांत जुने असे काही ठिकाणी सांगितले जाते. पण तो ग्रंथ घटनेनंतर पुष्कळ वर्षांनी लिहिला गेला आणि छापून आला तो एकोणिसाव्या शतकात. घटनेचे वर्ष वेगळे आणि लेखनाचे वर्ष वेगळे. एखादा दगड ज्या थरात सापडला, त्याच थरात तो तयार झाला असे भूशास्त्रज्ञ गृहीत धरत नाही. कागदाच्या बाबतीतही तेच.

'चांगला उपसागर' तपासून पाहू

आता मूळ कथा तपासणीला घेऊ. पहिली कसोटी व्याकरणाची. पोर्तुगीजमध्ये उपसागराला 'बाईया' म्हणतात आणि हा शब्द स्त्रीलिंगी आहे. मराठीप्रमाणेच तिथे विशेषण लिंगानुसार बदलते. पुल्लिंगी नामाला 'बों', स्त्रीलिंगी नामाला 'बोआ'. तेव्हा चांगला उपसागर म्हणजे 'बोआ बाईया'. 'बों बाईया' म्हणणे हे मराठीत 'चांगला नदी' म्हणण्यासारखे झाले. दर्यावर्दी लोक व्याकरणाचे पंडित नसतात हे खरे, पण स्वतःच्या मातृभाषेतले लिंग लहान मूलही चुकत नाही.

दुसरी कसोटी नमुन्याची. 'बोंबाईं'च्या शेवटी जो अनुनासिक 'ईं' आहे, तो 'बाईया'चा तुकडा आहे असे घटकाभर मानू. मग तो फक्त उपसागरांच्याच नावात दिसायला हवा. प्रत्यक्षात काय दिसते? वसईचे पोर्तुगीज नाव 'बसाईं'. कोचीचे 'कोशीं'. पणजीचे 'पांजीं'. आपल्याकडच्या ईकारान्त नावांना पोर्तुगीज लेखक शेवटी 'एम' हे अक्षर जोडत. त्याचा उच्चार 'म' असा होत नाही. आधीचा स्वर नाकातून म्हणावा, एवढेच ते सांगते. प्रत्येक नावाला असे झाले नाही. मांडवी नदी 'मांदोवी'च राहिली. पण वसई, कोची, पणजी आणि मुंबई ही एका साच्यातून निघालेली भावंडे आहेत, हे कळायला एवढे पुरे आहे. कोची आणि पणजी यांत 'बाईया' नाही. मग तो मुंबईतच का शोधावा?

तिसरी कसोटी कथेच्या जन्मवेळेची. ही गोष्ट प्रथम कोण सांगताना दिसते? बेटावर सव्वाशे वर्षांहून अधिक काळ राज्य करणारे पोर्तुगीज नव्हे, तर त्यांच्यामागून आलेले इंग्रज. जॉन ओव्हिंग्टन हा इंग्रज धर्मोपदेशक १६९० च्या सुमारास इथे आला होता. त्याने हे नाव पोर्तुगीज भाषेत 'चांगला उपसागर' या अर्थाचे असल्याचे लिहिले आणि ते 'बून बे' असे दिले. त्यातला 'बे' हा तर शुद्ध इंग्रजी शब्द! सतराव्या शतकाच्या अखेरीपासून इतर इंग्रज लेखकही तेच सांगू लागले.

१८८६ मध्ये यूल आणि बर्नेल यांनी 'हॉब्सन-जॉब्सन' हा प्रसिद्ध कोश प्रकाशित केला. त्यांनी जुनी रूपे वर्षवार मांडली आणि ही व्युत्पत्ती व्याकरण व इतिहास या दोन्ही कारणांनी फेटाळली. पोर्तुगीज नामकोशाचे कर्ते जोझे पेद्रु माशादु यांचेही मत असेच आहे. पोर्तुगीज कागदांत तिथल्या उपसागराचे वर्णन वाचून इंग्रजांचा समज झाला की, नावातच तो शब्द आहे. म्हणजे 'सुवर्ण'ची 'सेव्हर्न' करणारी खोड इथेही कामाला लागली. 'बोंबाईं'च्या शेवटात इंग्रज कानाला आपला 'बे' ऐकू आला. वसईच्या 'बसाईं'चे इंग्रजीत 'बसीन' झाले, शेवटचा अनुनासिक 'न' होऊन टिकला. मुंबईच्या नावातून मात्र तो गळाला, कारण तिथे 'बे' हा ओळखीचा शब्द त्याची जागा घ्यायला तयार होता.

मामाचे बाबा कसे होतात?

एक शंका उरते. 'मुंबई'तला 'म' जाऊन 'ब' का आला? याचे उत्तर वर्गात अर्ध्या मिनिटात मिळते. विद्यार्थ्यांना नाक चिमटीत घट्ट धरायला सांगा आणि 'मामा' म्हणायला सांगा. ऐकू येईल ते 'बाबा'च्या जवळचे असेल. 'नाना' म्हणायला सांगा, 'दादा' ऐकू येईल. वर्गात हशा पिकेल, आणि तो पिकू द्यावा.

कारण सोपे आहे. 'म' आणि 'ब' या दोन्ही वर्णांत ओठ मिटतात आणि कंठातील स्वरतंतू कंप पावतात. फरक एकच. 'म' म्हणताना घशाच्या मागचा मृदू टाळू खाली येतो आणि हवेला नाकाची वाट मोकळी होते. 'ब' म्हणताना ती वाट बंद असते. आपल्या वर्णमालेत प, फ, ब, भ, म हे एका ओळीत बसवले आहेत, ते याच कारणाने. वर्णमाला म्हणजे उच्चारस्थानांचे एक नेमके कोष्टकच आहे.

'मुंबई' म्हणताना ओठ मिटतात, उघडतात, पुन्हा मिटतात आणि नाकाची वाट आधी मोकळी, मग बंद करावी लागते. ही झडप क्षणभर अलीकडे किंवा पलीकडे हलली की वर्ण बदलतो. आपल्या भाषेतही झडपेची ही करामत दिसते. संस्कृत 'आम्र' शब्दात 'ब' कुठेच नाही, पण मराठी आंब्यात तो आहे. 'ताम्र'मध्ये नाही, पण तांब्यात आहे. 'म'वरून 'र'वर जाताना नाकाची वाट किंचित आधी बंद झाली आणि मध्ये 'ब' डोकावला. पुढे 'र' गेला आणि 'ब' घर करून राहिला. हापूसच्या या जिल्ह्यात ध्वनिशास्त्राचे उदाहरण फार दूर शोधायला नको. 'मोंबाईं'चे 'बोंबाईं' होणे ही याच कुळातली गोष्ट. हिंदीतल्या 'बंबई'तही 'म'च्या जागी 'ब' आहे.

हुंडा, भाडे आणि नकाशे

इंग्रजांकडे हे नाव गेले ते एका लग्नामुळे. २३ जून १६६१ रोजी झालेल्या तहाने पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन हिच्या विवाहात मुंबईचे बेट इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाला देण्याचे ठरले. प्रत्यक्ष ताबा मिळाला १८ फेब्रुवारी १६६५ रोजी. १६६८ मध्ये राजाने वर्षाला १० पौंड भाड्याने ते ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले. सुरुवातीला इंग्रजही नावाच्या शेवटी 'एम' लिहीत. मग हळूहळू 'बॉम्बे' स्थिरावले. त्याच काळात तेव्हनो या फ्रेंच प्रवाशाच्या पुस्तकात एका ठिकाणी 'बांबाय'सारखे रूप आहे, तर दुसऱ्या ठिकाणी पोर्तुगीज धाटणीचे 'बोंबाईं'.

पुढे कंपनीचा व्यापार वाढला, इंग्रजी नकाशे युरोपभर गेले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिथला कापूस बंद झाला आणि मुंबईच्या कापसाला युरोपात मोठी मागणी आली. बहुतेक युरोपीय भाषांनी इंग्रजी रूप उचलले. पण उचलले म्हणजे जसेच्या तसे ठेवले असे नाही. फ्रेंच लोक स्पेलिंग इंग्रजांचेच लिहितात, मात्र पहिला स्वर नाकातून काढतात. रशियन भाषेत 'बोम्बेय' झाले. पोलिश आणि चेक लोकांनी ते आपल्या लिपिनियमाप्रमाणे 'बोम्बाय' असे लिहिले. ग्रीक भाषेत 'बीटा' या अक्षराचा उच्चार आता 'व' होतो, म्हणून जुन्या ग्रीक रूपाचा उच्चार 'वोम्वाई' असा आहे. लिथुआनियन भाषेत परक्या नावालाही विभक्तिप्रत्यय लावल्याशिवाय वाक्यात बसवता येत नाही. तिथे शहर पुल्लिंगी होऊन 'बोम्बेयुस' झाले. शेजारच्या लॅटव्हियन भाषेत तेच स्त्रीलिंगी 'बोम्बेया' झाले. पोर्तुगालने मात्र सोळाव्या शतकातले आपले 'बोंबाईं' सोडले नाही.

या सगळ्यांच्या मुळाशी कोणते नाव आहे? कोळीवाड्यातल्या देवीचे. मुंबईला अनेक नावे होती असे म्हणण्यापेक्षा, एकच नाव अनेक तोंडांतून गेले असे म्हणणे पुराव्याला धरून होईल.

उलट बाजूचा आरसा

युरोपीय लोकांनी आपली नावे बिघडवली, अशी तक्रार आपण करतो. मग आपण त्यांच्या नावांचे काय केले? पोर्तुगीज माणूस इंग्रजाला 'इंग्लेश' म्हणे. त्यापासून आपला 'इंग्रज' झाला. हॉलंडच्या माणसाला तो 'ओलांदेश' म्हणे, आपण 'वलंदेज' केले. डेन्मार्कला तो 'दिनामार्का' म्हणे, त्यातून आपल्या कागदांतला 'डिंगमार' आला असे मानतात. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात टोपीकरांच्या यादीत ही नावे भेटतात.

आता गंमत पाहा. इंग्रजांना मुंबईचे नाव मिळाले पोर्तुगीजांकडून आणि मुंबईकरांना इंग्रजांचे नाव मिळाले तेही पोर्तुगीजांकडूनच! दोन माणसांची ओळख तिसऱ्याने करून द्यावी आणि पुढे दोघांनीही त्या तिसऱ्याचाच उच्चार चालवावा, तसे हे झाले. पुढे इंग्रजी राज्यात आपली खिडकी बदलली. पोर्तुगालच्या राजधानीला तिथले लोक 'लिज्बोआ' म्हणतात, आपण इंग्रजांमार्फत 'लिस्बन' म्हणतो. 'वीन'ला व्हिएन्ना म्हणतो, 'मस्क्वा'ला मॉस्को म्हणतो. नावाचे रूप पाहून ते कोणत्या वाटेने आले हे ओळखता येते. परागकणांवरून वनस्पतीचा शोध घ्यावा, तसे हे आहे.

बोंबील आणि डाकगाडी

गोड कथा तपासायची सवय लागली की ती इतरत्रही उपयोगी पडते. बोंबलाला इंग्रजीत 'बॉम्बे डक' का म्हणतात? प्रचलित उत्तर असे की, सुके बोंबील मुंबईच्या डाकगाडीने जात, 'बॉम्बे डाक'चा वास येई, त्यातून 'डक' झाले. आपल्याकडची पहिली प्रवासी रेल्वे बोरीबंदर ते ठाणे धावली १६ एप्रिल १८५३ रोजी. ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशात हा शब्दप्रयोग निदान १८५० पासून नोंदलेला आहे. गाडी सुरू होण्याआधीच तिच्यावरून पडलेले नाव छापून कसे आले? परिणाम कारणाच्या आधी घडू शकत नाही, हा भौतिकशास्त्राचा नियम बोंबलालाही लागू आहे.

मुंबईतल्या 'सायन'चेही असेच. बायबलमधल्या 'झायन' टेकडीशी त्याचे नाते जोडले जाते. पण तिथले मराठी नाव आहे 'शीव', म्हणजे हद्द. मुंबई बेटाची शीव तिथे संपत होती आणि पलीकडे साष्टी सुरू होत होती. साष्टी म्हणजे सहासष्ट गावे. त्याचे पोर्तुगीजांनी 'साल्सेत' केले आणि ते पुढे इंग्रजी नकाशात गेले.

नाव बदलले म्हणजे काय झाले?

१९९५ मध्ये इंग्रजीतही 'मुंबई' हे नाव अधिकृत झाले. त्यानंतर अनेक युरोपीय भाषांनी नव्या रूपाचा स्वीकार केला. रशियनमध्ये 'मुम्बाई', लिथुआनियनमध्ये 'मुम्बायुस', लॅटव्हियनमध्ये 'मुम्बाया' असे लिहू लागले. प्रत्यय जुने, शब्द नवा. स्पॅनिश भाषेची अकादमी मात्र आपल्या भाषेत रुळलेले जुने रूप चालू ठेवावे असे सुचवते. मुंबईतही उच्च न्यायालय, पवईचे भारतीय तंत्रज्ञान संस्थान आणि १८८३ मध्ये स्थापन झालेली नॅचरल हिस्टरी सोसायटी यांच्या इंग्रजी नावांत जुने रूप आहे. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका दुर्मिळ रक्तगटाचा शोध जाहीर केला. तो जगभरच्या रक्तपेढ्यांत आजही 'बॉम्बे' रक्तगट म्हणूनच ओळखला जातो. रुग्णाच्या जिवाचा प्रश्न असतो, तिथे एका गोष्टीला सर्वत्र एकच नाव असणे महत्त्वाचे.

शहराचे अधिकृत नाव कोणते असावे, हा तिथल्या समाजाने आणि शासनाने ठरवायचा प्रश्न आहे. त्यात भावना, राजकारण, सोय हे सारे येते. पण नाव कुठून आले हा प्रश्न मतदानाने सुटत नाही. तो पुराव्यानेच सुटतो. 'मुंबई हे नाव हल्लीचे आणि बॉम्बे मूळचे' असे कोणी सांगितले, तर शिक्षकाने १५१६ आणि १५२५ या वर्षांकडे बोट दाखवावे. 'बॉम्बे हे नाव आपल्यावर लादलेले, परके' असे कोणी म्हटले, तर नाकाला चिमटा लावून त्याला 'मुंबई' म्हणायला सांगावे. आपलेच नाव परक्या तोंडातून ऐकू येते आहे, हे त्याला कळेल.

'चांगला उपसागर' ही कथा निरुपद्रवी वाटते, पण तिच्यात एक गृहीतक लपलेले आहे. युरोपीय लोक येईपर्यंत या बेटाला नाव नव्हते, त्यांनी पाहिले आणि नाव दिले, असे ती नकळत शिकवते. मासे मारणारे, मिठागरे राखणारे, सुपारी आणि नारळ लावणारे लोक त्या गोष्टीतून पुसले जातात. जुनी रूपे वर्षवार मांडली की ते लोक पुन्हा दिसू लागतात. नाव त्यांचे होते. इतरांनी ते त्यांच्याकडून ऐकले.

वर्गासाठी एक उपक्रम सुचवावासा वाटतो. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गावाचे, वाडीचे किंवा जवळच्या खाडीचे नाव घ्यावे. घरातल्या वडीलधाऱ्यांकडून त्याचा बोलीतला उच्चार लिहून घ्यावा. सातबाऱ्यावरचे, एसटीच्या पाटीवरचे आणि जिल्ह्याच्या जुन्या इंग्रजी गॅझेटियरमधले रूप त्याशेजारी मांडावे. नावामागची जी कथा सांगतात तीही लिहावी. मग तीन प्रश्न विचारावेत. कथा सांगते तो काळ आणि नावाची पहिली लेखी नोंद यांचा मेळ बसतो का? कथेतला शब्द त्या भाषेच्या व्याकरणात बसतो का? आणि शेजारच्या गावांच्या नावांतही तोच नमुना दिसतो का? पुष्कळ कथा या चाळणीतून गळून पडतील. ज्या उरतील त्यांवर अधिक विश्वास ठेवता येईल, आणि गळालेल्या कथाही वहीत जपून ठेवाव्यात. नावाचा उगम त्या सांगत नसल्या, तरी आपल्या गावाविषयी लोकांना काय वाटत आले, हे त्या नक्की सांगतात.